कपारीला माझे नाव देऊ नये म्हणून

मी, हेस्टर मॉड ट्रेगेंझा, वय एक्क्याऐंशी, व्यवसाय जमीन उकरून जुनी माणसे शोधणे, राहणार ॲलिस स्प्रिंग्ज, याद्वारे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझे वकील थिओ पापास समोर बसून दर वाक्याला सुस्कारा सोडत आहेत, त्याला दडपण समजू नये. यापूर्वी मी केलेली मृत्युपत्रे रद्द झाली असे मानावे. त्यातले एक मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात सगळी मिळकत कुत्र्याला दिली होती. कुत्रा आता नाही, राग आहे.

हे मृत्युपत्र घाईने करण्याचे कारण असे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितले ते ऐकून विद्यापीठातले दोन सभ्य गृहस्थ मला भेटायला आले. बरोबर एका इमारतीचे चित्र होते. वाळवंटातल्या ज्या कपारीत मी आयुष्य घालवले, तिच्या पायथ्याशी ती इमारत उभी राहते आहे. तिला आणि खुद्द कपारीलाही ते माझे नाव देणार आहेत. मी मरेपर्यंत थांबण्याचा सभ्यपणा तेवढा त्यांनी दाखवला आहे. चहा पाजून मी त्यांना वाटेला लावले. माझे नाव तिथे लागता कामा नये. बाकी कलमे इकडची तिकडे झाली तरी चालतील, हे एक पाळले गेले पाहिजे.

कलम पहिले. घर. ॲलिस स्प्रिंग्जमधले माझे राहते घर, परसातल्या पांढऱ्या खोडाच्या झाडासकट, रोवीना ब्रंबी हिला द्यावे. छपराचे पत्रे वाजतात, ते तिला ठाऊक आहे. रोवीना माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमचे रक्ताचे नाते नाही. माझे लोक तांब्याच्या खाणी खणायला समुद्रापलीकडून आले, तिचे लोक इथून कधी गेलेच नाहीत. पण तिच्या आईने एका दुपारी, राखेत भाजलेल्या रोटीचा तुकडा माझ्या हातावर ठेवताना, मला बहीण करून टाकले. माझे मत विचारले नव्हते. त्यांच्या हिशेबात मावशी म्हणजे आईच, तेव्हा रोवीना ही माझी मुलगी आहे आणि मुलीला घर देण्यासाठी मला कारण लिहावे लागू नये.

तिच्या आईचे नाव मी या कागदात लिहिणार नाही. थोरली, एवढेच म्हणेन. थिओचा इथे आक्षेप आहे.

"हेस्टर, थोरली म्हणजे कोण? कोर्टाला कसं कळायचं?"

"कोर्टाला कशाला कळायला हवं? मी तिला काही देत नाहीये. आयुष्यभर तिच्याकडून घेतलंच आहे."

कोर्टासाठी म्हणून लिहिते. त्या मुलखात माणूस गेले की त्याचे नाव तोंडावर येऊ देत नाहीत. नावाने हाक मारली तर जाणारे मागे वळते आणि राहिलेल्यांचे दुःख पुन्हा ओले होते. त्याच नावाचे दुसरे कोणी असेल तर तेही आपले नाव बाजूला ठेवते आणि सगळे त्याला कुनमनारा म्हणू लागतात. ज्याचे नाव सध्या घ्यायचे नाही त्याच्यासाठीची ती हाक आहे. घरची वडीलधारी माणसे एक दिवस नाव मोकळे करतात. तो दिवस कधी यायचा ते त्यांच्या दुःखावर असते. थोरलीला जाऊन बारा वर्षे झाली, नाव अजून मोकळे झालेले नाही.

कलम दुसरे. हत्यारे. माझी थापी, कुंचले, दोऱ्या, ओळंबा आणि मोठी चाळणी रोवीनाला द्यावी. थापीचे पाते झिजून निम्मे राहिले आहे, नवे बसवू नये. ओळंबा माझ्या वडिलांचा, खाणीतला. ते जमिनीत उतरत ते तांबे काढण्यासाठी. मी कोळशाचे चिमूटभर तुकडे काढायला उतरते, हे कळल्यावर त्यांनी आईला विचारले होते, "पोरीला कुणी पगार देतं का याचा?"

फावडे मात्र प्राध्यापक लायल ड्रमंड यांना पाठवावे. ते नव्वदीत आहेत आणि दुर्दैवाने ठणठणीत आहेत. या खंडातली मूळ माणसे इथे काल-परवा आली, फार तर चार हजार वर्षे झाली असतील, असे त्यांनी छापले होते. बाईमाणसाने वाळवंटात खोदकामाचे नेतृत्व करू नये, असे छापले नव्हते, नुसते सगळ्यांना सांगितले होते. फावडे ही वस्तू हातात कशी लागते हे त्यांना मरण्यापूर्वी एकदा समजावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता कपारीबद्दल. ती माझी मालमत्ता नाही, त्यामुळे तिला कलम नाही. पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमे वेड्या म्हातारीची वाटतील.

पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरली पुढे चालत होती. मी मागून परवाना, पाण्याचे डबे आणि विद्या घेऊन. कपार दिसू लागताच ती थांबली आणि अशी खच्चून ओरडली की माझ्या हातातला डबा पडला.

"कुणाला हाका मारतेस? इथे तर कुणी नाही."

"तुला दिसत नाहीत म्हणून नाहीत होय? गप उभी राहा. तुझी ओळख करून देतेय."

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"सांगितलं, ही गोरी आहे, आडदांड आहे, हिला काही कळत नाही. पण पाणी जपून वापरते. हिला त्रास देऊ नका."

आजवर माझी पुष्कळ मानपत्रे वाचली गेली. इतके खरे एकही नव्हते.

मग आम्ही खणू लागलो. वरच्या थरात तिच्या आजीच्या काळच्या चुली होत्या, त्याखाली आणखी चुली, त्याखाली आणखी. मला वाटे आता खडक लागेल, आता माणसाची खूण संपेल. संपत नव्हती. ड्रमंडांची चार हजार वर्षे तर आम्ही कमरेइतके खोल जाण्याआधीच ओलांडली होती. शिडी लावून उतरावे लागे इतके खाली गेल्यावर एका सकाळी दगडांचे लहानसे कडे दिसले. आत कोळसा. शेजारी एक सपाट दगड पालथा होता. मी तो हळूच सुलटा केला. मधल्या खोलगट भागात वाटलेला गेरू होता. लाल, ताजा, जसा आपण पाट्यावर चटणी वाटून अर्ध्यात उठावे तसा.

मी थोरलीला हाक मारली. ती शिडी उतरून आली, माझ्याशेजारी मांडी घालून बसली. दोघींच्या गुडघ्यांना जेमतेम जागा होती. वरून उन्हाची एक पट्टी त्या दगडावर पडली होती. तिने त्याला हात लावला नाही.

"कुणीतरी रंग वाटता वाटता उठून गेलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ताच."

त्या कोळशाची तारीख प्रयोगशाळेतून आली तेव्हा मी गाडी काढून थेट तिच्या वस्तीवर गेले. ती कांगारूचे शेपूट राखेत पुरत होती. मी म्हटले, "तीस हजार वर्षं. त्याहून जास्तच." तिने हात झटकले.

"तेव्हा तुझे लोक कुठे होते?"

"बर्फाच्या कडेला कुठेतरी कुडकुडत असतील."

"बिचारे!" ती म्हणाली आणि मला जास्त साखरेचा चहा दिला.

मी त्या दिवशी रडले, हे मी कोठल्याही शोधनिबंधात लिहिलेले नाही. आमच्या गावातले सगळ्यात जुने चर्च माझ्या आजोबांहून थोडेसेच मोठे होते आणि त्याचा आम्हाला केवढा ताठा. आणि इथे एकच चूल विझू न देता माणसे येत राहिली, उन्हाळे आले, तळी आटली, वाळू चढली, तरी येत राहिली, आणि त्यांतलीच एक माझ्या कपात साखर ढवळत होती. मला आजही हे लिहिताना छातीत काहीतरी होते. डॉक्टर म्हणतील ते हृदय. असेल.

अर्धी कपार मी खणलेली नाही. ड्रमंडांपासून सगळ्यांनी आग्रह केला, सगळीच उकर, नाव होईल. पुढे येणारी माणसे माझ्यापेक्षा शहाणी असतील आणि त्यांची साधने माझ्या थापीपेक्षा बरी असतील, एवढे गृहीत धरण्याइतकी नम्रता माझ्यातही आहे. खणलेली अर्धी बाजू आम्ही बुजवली. बुजवण्याआधी तळाशी त्या सालाचे नाणे ठेवायची आमच्या धंद्यातल्या लोकांची रीत आहे, म्हणजे पुढच्याला कळते की इथे आधी कोणीतरी हात घातला होता. थोरलीने स्वतःच्या केसांतली पिन काढून नाण्याशेजारी ठेवली. म्हणाली, "नुसता पैसा सापडला तर म्हणतील, इथे दुकान होतं." दोन्ही तिथेच आहेत. कोणाला सापडली तर जिथल्या तिथे ठेवावी.

कलम तिसरे. माझ्या शेडमध्ये भिंतीशी एक जड बिडाची पाटी पालथी ठेवली आहे. ती सुलटी करू नये. ती थोरलीचा भाऊ वॉली ब्रंबी याच्या हवाली करावी, तो तिचे काय करायचे ते करील.

ही पाटी विद्यापीठाने मोठ्या कौतुकाने बसवली होती. मी त्या वर्षी परदेशी व्याख्याने देत हिंडत होते. थोरलीचा मान म्हणून त्यांनी कपारीला तिचेच नाव दिले, नकाशावर छापले, बिडात ओतले. समारंभात तिला बोलायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. मी मेल्यावर काय कराल हो याचं?" टाय घातलेल्या साहेबांना तो विनोद वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती गेली. आणि जागेचे नाव तेच तिचे नाव. ते घ्यायचे नाही, म्हणजे तिथे जाऊ या, असे म्हणायचीही सोय उरली नाही. प्रवासी वस्तीवर येऊन तेच नाव घेऊन रस्ता विचारत आणि बायका तोंडावर पदर घेतल्यासारखे हात घेत. रोवीना पुरातत्त्व शिकून आली, सगळीकडे खणले तिने, पण आईच्या कपारीकडे एकदाही गेली नाही. मुले त्या रस्त्याने जाताना दुसरीकडे बघायला शिकली. तिथे कोणी हाक मारीनासे झाले. हिमयुग, दुष्काळ, गोरे, बंदुका, यातल्या कशानेही ते येणेजाणे पुरते थांबले नव्हते. ते एका मानाच्या पाटीने थांबले. मी शेजारच्या लेस हॅनिगनचा ट्रक आणि पहार घेऊन ती पाटी उखडून आणली. माझ्यावर कारवाई करण्याचे पत्र आले, ते मी चूल पेटवायला वापरले. पुढे नकाशेही बदलले. पण तोंडी बसलेले नाव पहारीने निघत नाही.

आता ते सभ्य गृहस्थ काय म्हणाले पाहा. "म्हणून तर तुमचं नाव देतोय, बाई. तुम्हाला काही हे नियम लागू नाहीत."

मी हे वॉलीला सांगितले. तो माझ्या ओसरीवर बसून माझीच बिस्किटे खात होता.

"तुला लागू नाहीत?" तो म्हणाला. "मग इतकी वर्षं माझ्या बहिणीने तुला काय फुकट बहीण केली होती? तू मेलीस की आम्ही रडणार, तुझा फोटो भिंतीकडे फिरवणार आणि तुझं नाव नाही घेणार. तुझी इच्छा असो नसो."

"वॉली, आभार."

"आभार कसले? मरू नकोस आधी. बिस्किटं संपली तुझी."

माझ्यासाठी शोक पाळला जाणार आहे. यापेक्षा मोठे मला आयुष्यात काही मिळाले नाही आणि मिळायला हवेही नव्हते. पण त्याचमुळे माझे नाव त्या दारावर लागले तर दार दुसऱ्यांदा बंद होईल. थोरलीची नातवंडे पुन्हा दुसरीकडे बघत जातील. म्हणून पुढचे कलम.

कलम चौथे. थिओ म्हणतात नाव ही मिळकत नाही, त्यामुळे ते कोणी वापरू नये असा हुकूम मृत्युपत्राने देता येत नाही. ठीक आहे. माझी ग्रंथसंपदा, खोदकामाची सगळी रेखाचित्रे, दगडी हत्यारांची मापे आणि बँकेतली शिल्लक, ज्यावर विद्यापीठाचा केव्हापासून डोळा आहे, ते सगळे मी विद्यापीठाला देते. अट एकच. ती कपार, ती इमारत, तिथली खोली, बाक, पायवाट, नळ, यांपैकी कशालाही माझे किंवा कोणाही माणसाचे नाव देऊ नये. दिले, तर त्याच दिवशी हे सगळे ॲलिस स्प्रिंग्जच्या उंटांच्या शर्यतीच्या मंडळाला जाईल. रेखाचित्रांचे उंटांनी काय करायचे ते उंट ठरवतील. हे वाक्य कायद्यात बसते का, असे विचारल्यावर थिओ पहिल्यांदाच हसले आणि बसते म्हणाले.

कलम पाचवे. मला ॲलिसच्या साध्या दफनभूमीत पुरावे. माझी राख कपारीत टाकण्याचा हळवा बेत कोणी करीत असेल तर त्याने तो आताच सोडावा. पुढे कोणी ती उरलेली अर्धी बाजू खणील आणि माझा कोळसा नमुन्यात मिसळला तर त्याच्या तारखा बिघडतील. मेल्यावर शास्त्राच्या वाटेत आडवी यायची माझी इच्छा नाही.

कलम सहावे. मी लिहिलेली जी पुस्तके वस्तीवरच्या शाळेत आहेत, त्यांच्या मुखपृष्ठावरच्या नावावर कागद चिकटवावा. आतला मजकूर वाचायला हरकत नाही, त्यात माझे फारसे काही नाही, तो थोरलीचा आणि तिच्या माणसांचाच आहे.

कलम सातवे. रोवीनाला मी काही सोपवते आहे ते वस्तू नव्हे, त्यामुळे थिओ ते खोडायला सांगत आहेत. खोडणार नाही. पोरी, तुझ्या आईच्या जागी जाऊन कोणीतरी हाक मारली पाहिजे. कधी, ते मी ठरवणारी कोण. पण तिथे खाली अर्धवट वाटलेला रंग आहे आणि तो वाटणारे माणूस आत्ताच उठून गेले आहे. त्याला आपण आहोत हे कळायला हवे.

इथवर मी काल लिहिले होते. आज सहीसाठी सगळे माझ्या ओसरीवर जमले आहेत. साक्षीदार सही करण्याआधी जे घडले ते लिहून टाकते. थिओ म्हणतात मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. मग मृत्युपत्रे कंटाळवाणी होतात त्यात नवल नाही.

साक्षीदार दोन हवे. एक लेस. दुसरी वस्तीवरच्या दवाखान्यातली परिचारिका, जी वॉली आणि रोवीनाला घेऊन पहाटे निघून आली. तिचे आणि थोरलीचे नाव एकच. गेली बारा वर्षे लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला कुनमनारा म्हणतात, दवाखान्याच्या दारावरही तेच लिहिले आहे. ती तेच लिहायला वाकली.

"माफ करा," थिओ म्हणाले, "इथे खरं नाव लागेल. नाहीतर उद्या हे कलम चौथं कुणीही उडवून लावेल."

मी म्हटले, "तिला राहू दे थिओ, रस्त्यावरून कुणाला तरी बोलव." परिचारिकेने पेन खाली ठेवले. रोवीना पायरीवर बसून जमिनीकडे बघत होती. वॉलीने आपली टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"लिही," तो म्हणाला.

"मामा?" रोवीना म्हणाली.

"आम्ही म्हातारे बसलो होतो गेल्या आठवड्यात. रडून झालं सगळ्यांचं. तुला आज इथेच सांगायचं होतं, हिच्यासमोर. नाव मोकळं आहे."

आणि त्याने ते मोठ्याने घेतले. बारा वर्षांनी मी माझ्या बहिणीचे नाव ऐकले. रोवीनाने दोन्ही हातांत तोंड लपवले. परिचारिका स्वतःचे नाव हळूहळू, ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती. मला काय वाटले ते मला लिहिता येत नाही. थोरली शिडी उतरून पुन्हा माझ्या शेजारी बसली, एवढे लिहिते.

"उद्या कपारीत जाऊ," वॉली म्हणाला. "पोरांना घेऊन. हाक कोण मारणार?"

"मी," रोवीना म्हणाली.

"मोठ्याने मार. तिथली जुनी माणसं आपल्यावर रुसली असतील." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि ती पाटी दे बाहेर काढून. बीड जाड आहे, रोट्या भाजायला बरी."

"वॉली, माझ्या वेळी किती वर्षं लागतील रे?"

"तू कजाग आहेस, कमी लागतील. मग कुणाच्या तरी घरी पोरगी होईल आणि आई तिला ओरडेल, हेस्टर, आगीपाशी जाऊ नकोस! वाईट नाव आहे. पण ठेवील कुणीतरी."

माझी याहून जास्त काही मागणी नाही. यापुढचे माझे नाव मी कायद्यासाठी लिहिते. माझ्यामागे ते खाली ठेवावे आणि कोणा पोरीला लागेपर्यंत उचलू नये.

ठिकाण: ॲलिस स्प्रिंग्ज, माझी ओसरी.
दिनांक: १४ मे २००८.

लिहून ठेवणारी: हेस्टर मॉड ट्रेगेंझा

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

लेस हॅनिगन, शेजारी, मोटार दुरुस्ती

इलावंती, परिचारिका, वस्तीवरचा दवाखाना